मिरवणूक संगणकात काढताना

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी पुण्याच्या अलका चौकातून घरी फोन लावून पाहा. रेंज दिसते, पण कॉल लागत नाही.

अशा गर्दीतही फोन एकमेकांशी नीट बोलावेत म्हणून कुणी नवा प्रोटोकॉल रचला, असं समजू. प्रोटोकॉल म्हणजे बोलण्याचे नियम: पाळी कुणाची, दोघं एकदम बोलले तर कुणी किती थांबायचं. जुना सरस की नवा, हे ठरवायला दोघांना अगदी तीच गर्दी मिळायला हवी, आणि तीच मिरवणूक पुन्हा निघत नाही. म्हणून ती संगणकात काढायची. सिम्युलेशनचं खरं बळ मला इथे दिसतं.

एनएस-३ या मोफत सॉफ्टवेअरमधलं घड्याळ उड्या मारत चालतं. पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, निघालं, पोचलं, दुसऱ्यावर आदळलं. एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर.

पण हवा, म्हणजे फोनच्या लहरींची वाट, कशी धरली, यावर सगळं अवलंबून असतं. पर्वतीच्या दोन बाजूंना दोघं फोन घेऊन उभे आहेत. टेकडीवरच्या तिसऱ्याला दोघांचंही ऐकू येतं, त्यांना एकमेकांचं नाही. हवा मोकळी आहे असं समजून दोघं एकदम बोलतात आणि वरच्याला काहीच कळत नाही. याला हिडन नोड म्हणतात. सिम्युलेटरमध्ये टेकडीच नसेल, तर ही टक्कर घडत नाही आणि प्रोटोकॉल फुकट हुशार ठरतो. जुन्या एनएस-२ मधल्या कितीतरी अभ्यासांत जमीन सपाट आणि पल्ला 250 मीटरचं नेटकं वर्तुळ असे. सदाशिव पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्याआड असं वर्तुळ टिकत नाही.

सगळ्यात बोलकी चूक मात्र चालण्याची. ‘रँडम वेपॉइंट’ पद्धतीत प्रत्येक फोन कुठलंही ठिकाण आणि शून्यापासून पुढचा कुठलाही वेग निवडतो, तिथे पोचला की पुन्हा निवडतो. वर्षानुवर्षं हीच पद्धत वापरात होती. 2003 मध्ये संशोधकांनी तिच्यातली खोट दाखवली. भरभर चालणारे पोचून नवा वेग घेतात. अगदी कमी वेग वाट्याला आलेले वाटेतच रखडतात. रखडलेले साचत जातात, सरासरी वेग घटत राहतो. मग प्रयोग किती वेळ चालवला, यावरच निकाल बदलतो! उपाय सोपा निघाला: किमान वेग शून्याच्या वर ठेवायचा आणि सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळायचा.

लक्ष्मी रस्त्यासाठी तेवढंही पुरणार नाही. तिथे माणसं एकाच दिशेनं सरकतात, ढोल-ताशा पथकासमोर खिळून उभी राहतात, आणि पथक पुढे गेलं की सगळी एकदम हलतात.