पिशवीच्या जाडीपासून समुद्रातल्या तुकड्यापर्यंत : नाशिकच्या वर्गातील एका विषयाची पार्श्वभूमी

नाशिकच्या शाळांत समुद्रातील प्लास्टिकचा विषय पिशवीबंदीच्या पाठोपाठ आला, आणि त्या वाटेने आल्यामुळे त्याला लागलेले वळण अद्याप पुरते सुटलेले नाही. अटलांटिक महासागरातील सार्गासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण तरंगत असल्याची शास्त्रीय नोंद १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिचा आपल्याकडील अभ्यासक्रमावर काहीही परिणाम झाला नाही. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असे निर्देश न्यायालयाने १९९१ मध्ये दिले आणि अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे २००३ मध्ये त्यांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. त्यानंतर वरच्या इयत्तांत हा विषय शिरला खरा, पण गुणांऐवजी श्रेणी मिळणारा विषय म्हणून. आणि श्रेणीच्या विषयाची तासिका दहावीच्या वर्षात गणिताकडे कशी वळते, हे कोणत्याही पालकाला ठाऊक आहे.

राज्यात प्लास्टिकची चर्चा घराघरांत पोहोचली ती २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर. नाले पिशव्यांनी तुंबल्याचा निष्कर्ष निघाला, आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर राज्यात निर्बंध आले. शाळांतील फलक, घोषणा आणि प्रभातफेऱ्या या काळापासून ‘मायक्रॉन’ या शब्दाभोवती फिरू लागल्या, म्हणून त्या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कायद्यात तो पिशवीच्या जाडीसाठी आला, आणि त्यामागचा हिशेब व्यवहाराचा होता : पातळ पिशवी वजनाला इतकी हलकी असते की कचरावेचकाला ती उचलणे परवडत नाही, तर जाड पिशवी दुकानदाराला फुकट देणे परवडत नाही. देशपातळीवर ही मर्यादा १९९९ मध्ये २० मायक्रॉन होती, २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२०. मधल्या काळात, मार्च २०१८ मध्ये, राज्याने हातात धरण्याच्या पिशव्यांवर जाडी कितीही असली तरी बंदी घातली आणि जूनपासून ५,००० रुपयांच्या दंडाची कारवाई सुरू झाली. आकडा दर काही वर्षांनी वाढत गेल्याने विद्यार्थ्यांच्या मनात एक सरळ समीकरण तयार झाले, की जाड पिशवी चांगली आणि पातळ पिशवी वाईट. गोळा करण्याच्या दृष्टीने ते बरोबरही होते. मात्र समुद्राच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण १२० मायक्रॉनची पिशवी उन्हाने ठिसूळ होऊन फाटली की तिचेही तुकडेच होतात, आणि जाड असल्याने त्या तुकड्यांत प्लास्टिक अधिक असते.

याच सुमारास दुसरा, ऐकायला जुळा वाटणारा शब्द वर्गात आला : मायक्रोप्लास्टिक. २००४ मधील एका शोधनिबंधाने तो रूढ केला तेव्हा किनाऱ्याच्या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेले तुकडे व तंतू त्यात अभिप्रेत होते. पुढे २००८ मधील एका कार्यशाळेत त्याची वरची मर्यादा ५ मिलिमीटर, म्हणजे ५,००० मायक्रॉन, अशी धरण्यात आली. मराठीत त्याचे ‘सूक्ष्मप्लास्टिक’ झाले आणि गोंधळ दुणावला. सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून सूक्ष्मप्लास्टिकही दिसत नसावे असे मुलांना वाटते. वस्तुतः ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडाही त्यात मोडतो आणि तो गोदाघाटावरच्या वाळूत नुसत्या डोळ्यांनी वेचता येतो. एका शब्दातील मायक्रॉन जाडीचा, दुसऱ्यातील ‘मायक्रो’ तुकड्याच्या आकाराचा, हा भेद फळ्यावर एकदा मांडला असता तर पुष्कळ श्रम वाचले असते. निफाड-दिंडोरीकडील मुलांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते : घरच्या शेतात अंथरला जाणारा ‘मल्चिंग पेपर’ हा कागद नसून बहुधा २५ ते ३० मायक्रॉनचे प्लास्टिक असते, आणि कॅरीबॅगच्या जाडीचा नियम त्याला लागू होत नाही.

नदीचा भाग अभ्यासात उशिरा आला, ही नाशिकपुरती तरी मोठी उणीव म्हणावी लागेल. दरवर्षी सुमारे ८० लाख टन प्लास्टिक समुद्रात जाते, हा २०१५ मधील अंदाज शाळांच्या भिंतींवर सर्रास दिसतो; पण तो किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आतील लोकवस्तीवर बेतलेला होता, त्यामुळे त्यात नाशिक शहराची एकही पिशवी मोजलेली नाही. २०१७ मध्ये बहुतांश नदीवाहित प्लास्टिक जगातील १० नद्यांतून येते असे मांडले गेले, तर २०२१ मधील मांडणीने ती संख्या १,००० च्या वर नेली आणि किनारी शहरांतील छोट्या नद्यांवर बोट ठेवले. पहिल्या यादीतील ‘गंगा’ उत्तरेकडची होती. गोदावरीवर जाण्यालाच ‘गंगेवर जाणे’ म्हणणाऱ्या गावात हे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

भूगोल मात्र शिक्षकाच्या बाजूने आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्याच परिसरातून निघणारी वैतरणा अरबी समुद्राकडे उतरते. एका तालुक्याचा कचरा दोन समुद्रांच्या वाटेला लागू शकतो. तरीही ‘रामकुंडावर टाकलेली पिशवी कासवाच्या पोटात जाते’ हे आवडते वाक्य जपूनच वापरावे, कारण वाटेत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि पैठणचे जायकवाडी धरण आहे आणि बरेच काही तेथेच गाळात अडकून राहते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक बुडते आणि तिचे झाकण तरंगते, एवढा साधा प्रयोग बादलीत केला तरी कोणती वस्तू पुढे जाईल आणि कोणती तळाशी बसेल याची चर्चा वर्गात सुरू होते.

अलीकडे नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला आणि नदीचा धागा पाठ्यपुस्तकाच्या हाती लागला, परंतु तोही श्रेणीचाच आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये नैरोबीत प्लास्टिक प्रदूषणाविरुद्धच्या जागतिक कराराच्या वाटाघाटींचा ठराव झाला. त्या २०२४ अखेर बुसानमध्ये आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात निर्णयाविना थांबल्या, कारण उत्पादनावरच मर्यादा घालावी की केवळ कचऱ्याचे व्यवस्थापन करावे, यावर एकमत झाले नाही. शहरात सध्या तयारी चालू आहे ती २०२७ च्या सिंहस्थ स्नानांची, आणि शाळांकडे आलेल्या उपक्रमांत पुन्हा कापडी पिशव्या शिवणे हेच अग्रभागी आहे.