आम्ही हवा मोजायला येऊ त्या दिवशी मुद्दाम शटर उघडू नका, रोजच्यासारखंच काम चालू द्या

नमस्कार भाऊ. जळगाव एमआयडीसीतले पाईपवाले, चटईवाले, डाळ मिलवाले आणि धुळ्याकडची काही प्रिंटिंग युनिटं, यांच्याकडे आम्ही कामाच्या जागेवरची हवा मोजायला जातो. फोनवर दोन प्रश्न ठरलेले असतात. आमच्याकडे एसडीएसची (रसायनासोबत विकणारा देतो त्या सुरक्षा-माहितीपत्रकाची) फाईल आहे मग मोजायचं कशाला, आणि तुमचा रेट एवढा का. रोज तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच देतो.

एसडीएस सांगते की ड्रममध्ये काय आहे आणि ते किती घातक. पण तुमच्या शेडमध्ये तुमच्या ऑपरेटरच्या नाकापर्यंत त्यातलं किती जातं हे ड्रम विकणाऱ्याला कुठून कळणार? तिच्या आठव्या भागात मर्यादा लिहिलेली असते, जसं टोल्युईन या सॉल्व्हंटची 8 तासांची सरासरी आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात 100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, धरलेली होती. ती झाली हद्द. आपला माणूस हद्दीच्या अलीकडे आहे का पलीकडे ते मोजल्यावरच समजतं.

आणि असे मोजलेले आकडे सगळीकडेच दुर्मिळ आहेत, फक्त आपल्याकडे नाही. भोपाळ झालं 1984 ला, त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीत हवेतल्या रसायनांच्या मर्यादांचं परिशिष्ट आपल्या कायद्यात आलं, पण वापरात हजारो रसायनं आणि त्या यादीत शंभराच्या आसपास. युरोपने 2007 पासून रीच नावाच्या रसायनांच्या कायद्यात सरळ सांगितलं, डेटा नाही तर माल विकता येणार नाही. अमेरिकेत 1976 च्या कायद्याने तेव्हा बाजारात असलेली हजारो रसायनं न तपासता तशीच चालू दिली होती, 2016 ला कायदा बदलला तेव्हा एकेक तपासायची वेळ आली. आता तिथे कारखान्यातलं मोजमाप मिळालं नाही की ईपीए, म्हणजे तिथली सरकारी पर्यावरण संस्था, अंदाज बांधते, आणि अंदाज बांधायचा म्हणजे जास्तच धरून चालणार. मग कंपन्या म्हणतात आमच्याकडे एवढं नसतं, तर उत्तर येतं की रीडिंग दाखवा. म्हणून तिकडच्या कंपन्याच आता स्वतःहून मोजून द्यायला लागल्यात. अॅक्रिलिक चिकटवायला वापरतात ते मिथिलीन क्लोराईड बघा, तिथे 25 पीपीएमची मर्यादा होती, 2024 च्या नियमाने 2 वर आली, आणि ज्यांना ते वापरायला मुभा आहे त्यांनी हवा मोजायचीच. तुमचा माल बाहेर जात असेल तर असले प्रश्न खरेदीदाराच्या फॉर्ममधून तुमच्यापर्यंतही येतील, काहींना आलेतच, आणि तेव्हा धावपळ करून काही होत नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही येणार कळलं की जावई येणार असल्यासारखी झाडलोट होते. फरशी धुतली, सगळी शटरं वर, चारपैकी दोन मशीन बंद, आणि ज्याच्या कमरेला पंप (त्याच्या नाकाजवळची हवा ओढून घेणारं छोटं यंत्र) लावला त्याला गेटवर पार्सल आणायला पाठवलं. रीडिंग मस्त येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो, कारण तसा दिवस तुमच्याकडे वर्षात दुसरा नसतो. मग आम्हाला परत यावं लागतं, लॅबची फी दुसऱ्यांदा, आणि तुमचे आठ-दहा दिवस गेले. फिरून जायची पाळी आमच्यावर येते ती मुख्यतः ह्याच एका चुकीमुळे.

एका पाईपवाल्याकडे पावडर मिक्सरमध्ये टाकणाऱ्या पोऱ्याला पंप लावला होता. नळी खांद्यावरून आणून कॉलरला क्लिप केलेली, नाकापासून वीतभर. गोणी ओतताना धूळ उडाली ती थोडीच. खरी उडाली ती रिकामी गोणी दोन्ही हातांनी झटकून घडी घालताना, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. संध्याकाळी धूळ अडकवणारे दोन फिल्टर शेजारी ठेवले, त्याचा आणि हॉलच्या मध्ये स्टँडवर लावलेला. कोणता कुणाचा ते मालकाने लांबूनच ओळखलं. गोणी झटकायची नाही, तिथेच बंद पिशवीत टाकायची, एवढाच बदल करायला सांगितला, फुकटातला.

रेटचं पण इथेच आलं. कमी रेटवाला टेबलावर पंप ठेवून वीस मिनिटांत आटपतो आणि रिपोर्टवर आढळले नाही असं येतं. आता आढळले नाही म्हणजे शून्य नव्हे, लॅबला पकडता येईल त्यापेक्षा कमी, आणि हवाच थोडी ओढली तर पकडणार काय? आमचा माणूस पूर्ण शिफ्ट तिथे बसतो, पंपाचा फ्लो सुरुवातीला आणि शेवटी तपासतो, सॉल्व्हंटची वाफ पकडणाऱ्या ट्यूबा लॅबला बर्फाच्या डब्यात ठेवून नेतो, कारण आपल्या मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या ट्यूबेचा भरवसा नाही. त्याचे पैसे लागतात.

मे चा विषय निघाला तर हे पण, उन्हाळ्यात सगळं उघडं आणि कूलर चालू, तेव्हा रीडिंग बहुतेक कमी येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीला थंडीपायी शटर खाली असतं, तेव्हाची हवा वेगळी. दोन्ही वेळा मोजलं तर तुमच्या शेडचं खरं चित्र मिळतं. दोन्ही एकदम बुक केलं तर रात्रपाळीचा जादा चार्ज आम्ही घेत नाही.

रिपोर्ट फक्त तुमच्या हातात देतो, बाहेर कुठे जात नाही. पण ज्याला पंप लावला त्याला त्याचा आकडा सांगतो, तो श्वास त्याचा आहे, यात तडजोड नाही.

येण्याच्या आदल्या दिवशी मराठीत छापलेला एक कागद पाठवू. त्यात त्या शिफ्टला काय काय वापरलं, किती किलो-लिटर, किती मशीन चालू, एक्झॉस्ट चालू का बंद, शटर किती उघडं, कोणी मास्क लावला, एवढं सुपरवायझरने लिहायचं. तो कागद कोरा आला तर आकडा लटकत राहतो, पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार? कुणी म्हणतं आमनाकडे लिहिणारा कोणीच नही शे, तर काही हरकत नाही, आमचा माणूस विचारून भरून घेईल, फक्त सुपरवायझरला त्या दिवशी सुट्टी देऊ नका.