प्रायव्हेट लिमिटेड असूनही घरावर नोटीस का येते?

कंपनी काढायला गेलं की सल्लागार एक वाक्य हमखास ऐकवतो: धंदा बुडाला तरी घरदार शाबूत राहील. वाक्य खोटं नाही. पण संचालकाने बँकेत एक सही केली की ते अर्धंच खरं उरतं. हे अर्धं-अर्धं कसं झालं, त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी परिस्थिती सरळ होती. चार जणांनी मिळून धंदा केला, तर देणं चौघांचं, आणि ते एकट्याकडून पूर्ण वसूल करण्याची मुभा धनकोला. भागीदारी फर्मला हाच नियम आजही लागू आहे. १९३२च्या भागीदारी कायद्याने तो तसाच ठेवला. भारतात १८५०मध्ये कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा आला खरा, पण त्यात भागधारकांना संरक्षण नव्हतं. इंग्लंडने १८५५मध्ये मर्यादित जबाबदारी, म्हणजे भागधारकाचं नुकसान त्याच्या भागाच्या रकमेपुरतंच, हे तत्त्व मान्य केलं आणि १८५७मध्ये ते इथे आलं. बँका आणि विमा कंपन्या मात्र वगळल्या होत्या. बँकांना ही सवलत १८६०मध्ये मिळाली.

अमर्याद जबाबदारी म्हणजे काय, हे १८७८मध्ये स्कॉटलंडमध्ये दिसलं. सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि भागधारकांकडे वसुली सुरू झाली. दर १०० पौंडांच्या भागामागे त्यांना २,७५० पौंड भरावे लागले. बहुतेकांचं दिवाळं निघालं. त्यानंतर ब्रिटनमधल्या उरल्यासुरल्या बँकाही घाईघाईने लिमिटेड झाल्या.

पण छोट्या धंद्यांच्या मालकांना खरा आधार मिळाला तो एका बूटवाल्याच्या खटल्यामुळे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या ॲरन सॉलोमन यांनी आपला चालता धंदा सुमारे ३९ हजार पौंडांना स्वतःच्याच नव्या कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद हवे होते: ते स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे. एकूण २०,००७ शेअर्सपैकी सहा जणांकडे एकेक आणि उरलेले २०,००१ सॉलोमन यांच्याकडे. शिवाय दहा हजार पौंडांचे तारण डिबेंचर (कर्जरोखे) त्यांच्याच नावावर. थोडक्यात, मालकही तेच आणि पहिला धनकोही तेच. कंपनी लवकरच बुडाली. ही कंपनी म्हणजे नुसता देखावा, असं म्हणत खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांना जबाबदार धरलं. तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, नोव्हेंबर १८९६मध्ये दोन्ही निकाल फिरवले: नोंदणी रीतसर झाली असेल तर कंपनी ही वेगळी व्यक्ती आणि तिचं देणं तिचंच. कंपनी वाचवण्यासाठी स्वतःचे डिबेंचर गहाण टाकून बसलेले सॉलोमन तोवर इतके कफल्लक झाले होते की त्यांना हे अपील निर्धन म्हणून लढवावं लागलं. हा निकाल भारतातली न्यायालयं आजही आधाराला घेतात.

यात मार खाल्ला तो उधारीवर माल देणाऱ्यांनी. त्यांच्यापाशी ना तारण, ना मालकाची सही. सावकार आणि बँका हुशार; त्यांनी कंपनीसोबत मालकाचीही सही घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८नुसार, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात फेटाळला. बँक थेट जामीनदाराच्या दारात येऊ शकते.

२०१३च्या कंपनी कायद्याने एका माणसाचीही कंपनी काढता येऊ लागली. कागदावर ही मोठी सुधारणा. प्रत्यक्षात कर्ज हवं असेल तर त्याच एका माणसाची वैयक्तिक हमी बँक बहुतेकदा मागतेच.

पुढचा घाव दिवाळखोरी संहितेचा. कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या व्यक्तींबाबतच्या तिच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९पासून लागू झाल्या. त्याला आव्हान दिलं गेलं, पण मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. कंपनीची निराकरण योजना (बुडीत कंपनीचं देणं मिटवून ती पुन्हा उभी करण्याची योजना) मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झालं. कंपनी नव्या मालकाकडे जाते, जुन्याची हमी त्याच्या गळ्यात राहते.

तेव्हा काळजी घ्यायची ती सहीच्या टेबलावर. कर्ज मंजूर झालं की बँकेत कागदांचा गठ्ठा पुढे येतो, कर्मचारी पानांमागून पानं उलटत फुलीच्या खुणेपाशी बोट ठेवतो, आणि हमीपत्र त्या गठ्ठ्यातच कुठेतरी असतं. ते बाहेर काढून वाचा. रकमेला कमाल मर्यादा घातली आहे का? हमी फक्त याच कर्जाला आहे, की पुढच्या सगळ्या कर्जांना लागू होणारी ‘कंटिन्युइंग’ आहे? कायद्याने जामीनदाराला दिलेले बचाव सोडून दिल्याचं कलम आहे का? हे शेवटचं बहुधा असतंच. छापील मसुदा बदलत नाही असं सांगितलं जातं, पण रकमेची मर्यादा आणि हमीची मुदत यांवर घासाघीस होऊ शकते, विशेषतः पुरेसं तारण दिलं असेल तर. पत्नीची किंवा वडिलांची सही मागितली, तर त्यांना आधी स्वतंत्रपणे वकिलाला विचारू द्या. इतर करारांवर कंपनीच्या नावाने, ‘करिता’ लिहून, संचालक म्हणूनच सही करा.

आणि कंपनी सोडताना? राजीनामा कंपनीला मिळाला, किंवा त्यात पुढची तारीख दिली असेल तर ती आली, की संचालकपद संपतं, हमी संपत नाही. ‘कंटिन्युइंग’ हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, करारात तो हक्क सोडलेला नसेल तर. आधीचं देणं तरीही राहतं. म्हणून राजीनाम्याच्या आधी बँकेकडून हमीमुक्तीचं लेखी पत्र घ्यावं, आणि शेअर्स विकत घेणाऱ्याने ते मिळवून द्यावं अशी अट विक्री करारातच घालावी.