हँडशेकनंतर समोरच्या पक्षाचे प्रमाणपत्र : पार्श्वभूमी

हँडशेक (सुरक्षित जोडणी जुळवताना दोन संगणकांत होणारी सुरुवातीची बोलणी) पार पडल्यावर समोरच्या पक्षाचे प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, कोडमधून मागवण्याची सोय ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत सुरुवातीपासूनच होती. एक्स.५०९ हा प्रमाणपत्राचा नमुना १९८८ चा आणि अशा जोडणीचे नियम ठरवणाऱ्या टीएलएसची पहिली आवृत्ती १९९९ ची. त्या काळाबद्दल येथे इतके पुरे.

खरा गुंता साखळीचा, म्हणजे एकाची ग्वाही दुसऱ्याने द्यावी अशा प्रमाणपत्रांच्या मालिकेचा आहे. साखळी मागण्याचे ओपनएसएसएलचे जुने फंक्शन समोरच्याने पाठवलेली साखळी जशीच्या तशी हाती देते. पडताळणीत विश्वासू मुळापर्यंत (ज्यावर आधीच विश्वास ठेवलेला असतो त्या प्रमाणपत्रापर्यंत) जोडली गेलेली साखळी वेगळी असू शकते. शिवाय क्लायंटच्या बाजूने मागितल्यास या साखळीत समोरच्याचे स्वतःचे प्रमाणपत्र असते, सर्व्हरच्या बाजूने मागितल्यास नसते, आणि ही विसंगती आजही कायम आहे. पडताळलेली साखळी देणारे स्वतंत्र फंक्शन २०१६ साली, १.१.० या आवृत्तीत आले. तोवर कित्येक प्रोग्रामरांनी पाठवलेल्या साखळीलाच पडताळलेली मानले असेल, तर दोष केवळ त्यांचा नव्हे. त्यात पडताळणीचा निकाल सांगणारे फंक्शन समोरून प्रमाणपत्र आलेच नाही तरी 'सर्व ठीक' असेच उत्तर देते, म्हणून प्रमाणपत्र आले आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेने सावध मार्ग धरला : पडताळणी बंद असेल तर प्रमाणपत्राचा वाचनीय तपशील रिकामा मिळतो, कच्चे बाइट मात्र मागता येतात. मुदत संपलेली प्रमाणपत्रे तपासणाऱ्यांना हा निर्णय जाचक वाटतो, आणि त्यांची तक्रार निराधार नाही. तरीही न पडताळलेले नाव सहज हाती आले की त्यावर विसंबण्याचा मोह होतो, हे लक्षात घेता तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल. दोन्ही प्रकारच्या साखळ्या देणाऱ्या अधिकृत मेथड पायथनमध्ये २०२४ साली, ३.१३ या आवृत्तीत आल्या. गो भाषेत त्या आधीपासूनच वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत.

मिळालेले प्रमाणपत्र वापरून झाल्यावर मेमरीतून मोकळे करण्याची जबाबदारी कोणाची, हे ओपनएसएसएलच्या जुन्या नावावरून कळत नसे आणि मेमरी गळत राही. २०२१ च्या ३.० आवृत्तीने 'गेट-झिरो' आणि 'गेट-वन' अशी दोन नावे देऊन तो प्रश्न सोडवला : पहिल्यात मागणाऱ्याने ते मोकळे करायचे नसते, दुसऱ्यात करायचे असते.

२०१८ च्या टीएलएस १.३ पासून प्रमाणपत्र तारेवर कूटबद्ध होऊनच जाते, त्यामुळे मधल्या वाटेवर नुसते ऐकून ते वाचण्याचा मार्ग बंद झाला आणि टोकाच्या कोडमधून मागण्याला अधिक महत्त्व आले. मात्र जुने सेशन (आधी जुळलेली जोडणी) पुन्हा सुरू केल्यास प्रमाणपत्र नव्याने पाठवले जात नाही, म्हणून ओपनएसएसएलमध्ये साखळी रिकामी येऊ शकते. आणि सर्व्हरने क्लायंटचे प्रमाणपत्र हँडशेकनंतर मागितले असेल, तर ते येईपर्यंत फंक्शनकडे देण्यासारखे काहीच नसते.