कमरेची ऑपरेशनं: कोणतं कशासाठी निघालं होतं?

‘गादी सरकली’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर गादी जागची हलत नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं चिवट कडं चिरतं, आतला मऊ गर बाहेर डोकावतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला लागतो. मग कळ कमरेपेक्षा पायात जास्त जाते. कंबर दुखणं आणि पायात कळ जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि ऑपरेशनांच्या तुलनेत होणारा बराचसा घोळ ती एकच समजल्यामुळे होतो. चकतीचा तुकडा काढणं, नसांची वाट मोकळी करणं, मणके जोडणं, कृत्रिम चकती बसवणं हे एकाच दुखण्यावरचे चार उपाय असल्यासारखे शेजारी शेजारी मांडले जातात. पण यातले पहिले तीन निव्वळ कंबरदुखीसाठी निघालेलेच नव्हते.

मणके जोडण्याचंच बघा. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी या दोघांनी स्वतंत्रपणे ही शस्त्रक्रिया मांडली. त्यांच्यासमोर होता मणक्याचा क्षयरोग. प्रतिजैविकं नव्हती, किडलेला मणका खचायचा आणि कुबड वाढत जायचं. आल्बी रुग्णाच्या नडगीतून हाडाची पट्टी काढून मणक्यांच्या मागच्या बाजूला बसवत. हालचाल थांबवली की मणका खचणं थांबेल, असा साधा विचार त्यामागे होता, आणि त्या आजारापुरता तो बरोबरही होता.

चकतीची गोष्ट एका चुकीच्या निदानापासून सुरू होते. बर्लिनमध्ये ओपेनहाइम आणि क्राउझे या जोडीने १९०९ मध्ये एका रुग्णाची हकिगत छापली. मणक्याच्या कालव्यातून, म्हणजे नसा जातात त्या मणक्यांमधल्या पोकळीतून, त्यांनी एक गोळा काढला होता, रुग्णाला आराम पडला होता, आणि गोळा कूर्चेची गाठ आहे असं त्यांनी लिहून ठेवलं. ती चकतीच होती. पुढची पंचवीस वर्षं अशा ‘गाठी’ निघत राहिल्या. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की यातल्या बऱ्याच गाठी म्हणजे फाटून बाहेर आलेली चकती आहे आणि सायटिकाचं, म्हणजे पायात जाणाऱ्या कळेचं, कारण तीच. सायटिकाचं, हे महत्त्वाचं. पण हा शोध इतका पटण्यासारखा होता की पुढे कमरेच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याचा ठपका चकतीवर येऊ लागला.

मधेच एक गमतीदार वळण येतं. १९५६ मध्ये ल्युइस थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी सशांच्या शिरेत पपईतलं पपेन टोचलं, तर त्यांचे ताठ कान लोंबू लागले. कानातली कूर्चा मऊ पडली होती. ते वाचून लायमन स्मिथ या सर्जनच्या डोक्यात आलं की पपईतलंच असं एखादं द्रव्य चकतीत सोडलं तर चिरफाड टळेल. १९६४ मध्ये त्यांनी माणसांवरचे अनुभव छापले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत या कायमोपपेनला परवानगी मिळाली. कित्येकांना गुणही आला. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, मोजक्यांना पाय लुळे पडण्यापर्यंत त्रास झाला, आणि औषध बाजारातून गेलं. दरम्यान १९७७ मध्ये याशारगिल आणि कास्पार या सर्जननी मायक्रोस्कोपखाली छोट्या छेदातून चकती काढण्याचे आपले अनुभव छापले होते, आणि पुढे दुर्बीण आली. छेद लहान झाला, घरी जाणं लवकर झालं. पण नसेवरचा दाब काढायचा, हे मूळ काम तेच राहिलं. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या ६१३ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीचं ऑपरेशन पायाच्या दुखण्यात नेहमीच्या ऑपरेशनहून कमी ठरलं नाही, एवढं खरं.

नसांची वाट मोकळी करण्यामागे वेगळाच रुग्ण आहे. १९५४ मध्ये उट्रेख्टच्या हेंक फर्बीस्ट यांनी वर्णन केलं ते चालता चालता पाय भरून येणाऱ्या, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटणाऱ्या, बहुधा उतारवयातल्या माणसांचं. त्यांच्यात कालवाच अरुंद झालेला असतो.

मग जोडकाम कंबरदुखीत कसं शिरलं? माझ्या मते त्यात अवजारांचा वाटा मोठा आहे. १९६३ मध्ये पॅरिसच्या रॉय-कामीय यांनी मणक्याच्या मागच्या भागातून थेट आत स्क्रू बसवले. हाडाची पट्टी जुळण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून राहण्याऐवजी रॉड-स्क्रूंनी मणके लगेच आवळता येऊ लागले. जोडणं सोपं झालं तसं ‘झिजलेली चकती हलते म्हणून दुखते’ हा तर्कही रुळत गेला. त्यात १९८० च्या दशकात एमआरआय आला आणि झीज डोळ्यांना दिसू लागली. १९९४ मध्ये मात्र ९८ धडधाकट, कंबर न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय तपासले, तर निम्म्याहून अधिक जणांत कुठे ना कुठे चकती फुगलेली निघाली. ‘गॅप’ दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नव्हे, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

कृत्रिम चकती हा या जोडकामाला दिलेला जबाब. १९८४ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात तिथेच घडवलेली चकती पहिल्यांदा बसवली गेली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी कारिन ब्यूट्नर-यान्झ म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या खेळाडू. कंबर वाकवण्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार!

चाचण्या उशिरा आल्या. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये छापलेल्या अभ्यासात सायटिकाचं ऑपरेशन झालेले रुग्ण पहिल्या वर्षाअखेर पुढे होते. चौथ्या वर्षी तो फरक जवळजवळ पुसला गेला. २००७ च्या डच चाचणीत २८३ रुग्ण होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. आधी ऑपरेशनाविना थांबून पाहिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे सायटिकात ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. लघवीवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा येणं किंवा पायातला जोर झपाट्याने जाणं यात मात्र थांबण्याचा प्रश्नच नसतो.

निव्वळ कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचे निकाल आपसातच भांडतात. २००१ मध्ये स्वीडनच्या २९४ रुग्णांत मणके जोडलेल्यांची कंबरदुखी ३३ टक्क्यांनी कमी झाली, न जोडलेल्यांची ७ टक्क्यांनी. दोनच वर्षांनी नॉर्वेत मात्र नीट आखलेला व्यायाम आणि ‘हालचालीला घाबरू नका’ हे समजावणं जोडकामाच्या तोडीस तोड ठरलं. मला हा फरक तुलनेसाठी समोर कोणता उपाय उभा केला याचा वाटतो: स्वीडनमध्ये तुलना नेहमीच्या फिजिओथेरपीशी होती.

एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरलाय आणि कालवाही अरुंद आहे, अशा रुग्णांत तरी जोडणं हवंच, असं बरीच वर्षं धरून चाललं होतं. २०२१ मध्ये नॉर्वेच्या २६७ रुग्णांच्या चाचणीत फक्त वाट मोकळी केलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांना ठरवलेल्या मापाइतका फायदा झाला. स्क्रू घालून जोडलेल्यांत हा आकडा ७३ होता.