डेर गेटाइल्टे हिमेल (दुभंगलेले आकाश)

पूर्व जर्मनीतील एक कृष्णधवल चित्रपट. दिग्दर्शक कोनराड वोल्फ, निर्मिती डेफा या सरकारी चित्रसंस्थेची, प्रथम प्रदर्शन ३ सप्टेंबर १९६४. क्रिस्टा वोल्फ यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक आणि लेखिका यांचे आडनाव एकच असले तरी त्यांचे काही नाते नव्हते. पटकथेच्या कामात लेखिका, तिचे पती गेरहार्ड वोल्फ आणि स्वतः दिग्दर्शक यांचा सहभाग होता.

देशाच्या फाळणीमुळे ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांची कथा, असे या चित्रपटाचे वर्णन सर्रास केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बर्लिनची भिंत यात कुठेही दिसत नाही. पहारेकरी, काटेरी तारा, गोळीबार यांपैकीही काही नाही. भिंत उभी राहण्यापूर्वीच हे दोघे दुरावलेले असतात, आणि एकमेकांपाशी राहण्याची वाट मोकळी असतानाच प्रेयसी पूर्वेत परत फिरते.

कथानक : रीटा झाइडेल ही खेड्यात कारकुनी करणारी एकोणीस वर्षांची मुलगी. गावच्या नाचाच्या कार्यक्रमात तिची मानफ्रेड हेरफुर्टशी ओळख होते. तो रसायनशास्त्रज्ञ, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, हुशार आणि कडवट. शिक्षिका होण्यासाठी ती हाले शहरात येते, मानफ्रेडच्या आईवडिलांच्या घरी माळ्यावरच्या खोलीत त्याच्यासोबत राहू लागते आणि प्रशिक्षणाचा भाग म्हणून रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात कामाला जाते. माळ्याखालचे घर म्हणजे त्या देशाचा छोटा नमुनाच. वडील पूर्वी नाझी पक्षात होते, आता सत्ताधारी समाजवादी पक्षात आहेत. आईचे सारे लक्ष पश्चिमेकडे लागलेले. मानफ्रेडला दोघांचाही तिटकारा आहे, पण त्यांच्या जागी दुसरे काही मानावे असेही त्याला सापडत नाही.

कारखान्यात रीटाला रोल्फ मेटरनागेल भेटतो. वरच्या पदावरून खाली आणलेला हा कामगार एका पाळीत खिडक्यांच्या किती चौकटी बसवायच्या यावरून आपल्याच टोळीशी भांडतो. एवढी रुक्ष बाब प्रेमकथेत आणणे धाडसाचे होते, पण रीटाच्या निर्णयाची मुळे तिथेच आहेत. ज्या देशात ती परत येते तो तिच्या दृष्टीने घोषणांचा नाही, चौकटींवरून भांडणाऱ्या या माणसाचा आहे.

मानफ्रेडने सूतकताईच्या यंत्रात केलेली सुधारणा कारखानदारी यंत्रणा नाकारते. त्यानंतर तो एका परिषदेसाठी पश्चिम बर्लिनला जातो आणि तिथेच राहतो. ऑगस्ट १९६१ च्या सुरुवातीला रीटा त्याला भेटायला जाते. दिवसभर दोघे शहरात हिंडतात. निदान आकाशाची तरी वाटणी करता येत नाही, असे तो म्हणतो. ती उत्तर देते की सगळ्यांत आधी आकाशच दुभंगते. संध्याकाळी ती परतते. काही दिवसांनी सीमा बंद होते आणि रीटा कारखान्यात रुळांवर, सरकत येणाऱ्या डब्यांच्या मध्ये कोसळते. हा अपघात होता की जीव देण्याचा प्रयत्न, हे उघड सांगितलेले नाही. सारी कथा ती गावी बरी होत असताना, आठवणींच्या रूपाने उलगडते.

पार्श्वभूमी : दोन्ही जर्मनींमधील मुख्य सीमा १९५२ पासूनच बंद होती, पण बर्लिनमध्ये शहरी रेल्वे दोन्ही भागांतून धावत असे. २० फेनिगच्या (जर्मन सुट्ट्या नाण्यांच्या) तिकिटात माणूस देश सोडू शकत होता. परवानगीविना देश सोडणे पूर्वेत गुन्हा होता, तरीही १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पश्चिमेकडे गेले. त्यांत डॉक्टर, अभियंते आणि मानफ्रेडसारखे शास्त्रज्ञ मोठ्या संख्येने होते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी, रविवारी पहाटे, ही वाट बंद करण्यात आली.

कादंबरीचा जन्म मात्र सरकारी आवाहनातून झाला. १९५९ साली बिटरफेल्ड येथील परिषदेत लेखकांनी कारखान्यांत जावे आणि कामगारांनी लेखणी हाती घ्यावी असे धोरण मांडले गेले. क्रिस्टा वोल्फ त्याच सुमारास हालेत राहायला आल्या आणि आमेनडोर्फच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांत मिसळल्या. या आवाहनातून निपजलेल्या बऱ्याचशा लेखनाकडे आज कोणी फिरकत नाही. ही कादंबरी त्याला ठळक अपवाद. तिच्यावर हालेच्या पक्षीय वृत्तपत्राने कडक टीका केली, तर त्याच वर्षी तिला हाइनरिश मान पुरस्कारही मिळाला.

मांडणी : छायाचित्रकार वेर्नर बेर्गमान यांनी रुंद पडद्यासाठी चित्रण केले. दोन माणसांच्या गोष्टीला एवढा पडदा कशाला, असे वाटू शकते. पण याच रुंदीमुळे प्रेमिक एका चौकटीत असूनही त्यांच्यामध्ये मोकळी जागा पसरलेली दिसते. रेल्वेचे पूल, धुराडी, झाडांच्या रांगा यांच्या तिरक्या रेषा वारंवार पडदा कापत जातात. काळ सरळ चालत नाही : एखादा प्रसंग अर्ध्यावर तुटतो, निवेदनाचा आवाज मध्ये येतो, मग दुसराच ऋतू सुरू होतो. त्या काळच्या फ्रेंच नवचित्रपटांचा संस्कार इथे स्पष्ट जाणवतो. नव्या डब्याची चाचणी चालू असताना सोव्हिएत अंतराळवीर गागारिन अंतराळात गेल्याची बातमी येते (१२ एप्रिल १९६१), तो प्रसंग विशेष उल्लेखनीय. सगळे आकाशाकडे पाहतात, पण मानफ्रेडला त्या आनंदात सामील होता येत नाही.

दिग्दर्शक आणि छायाचित्रकार ही जोडीही लक्षात घेण्यासारखी आहे. डॉक्टर-नाटककार फ्रीडरिश वोल्फ यांचे पुत्र कोनराड मॉस्कोत निर्वासित म्हणून वाढले आणि सतराव्या वर्षी सोव्हिएत लाल सैन्यात दाखल झाले. बेर्गमान हे जर्मन सैन्याचे युद्धछायाचित्रकार होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एक हात गमावला होता. एका युद्धात समोरासमोरच्या बाजूंना असलेल्या या दोघांनी पुढे बरेच चित्रपट एकत्र केले.

रीटाची भूमिका रेनाटे ब्लूमे यांनी केली. त्या तेव्हा नाट्यशिक्षण घेत होत्या. मानफ्रेड एबरहार्ड एशे यांनी, तर रीटाकडे ओढला जाणारा तरुण कारखाना-व्यवस्थापक वेंडलांड हिलमार टाटे यांनी साकारला. पुढे प्रत्यक्षात उलटेच घडले : पडद्यावरचा पळपुटा एशे पूर्वेतच राहिले आणि निष्ठावंत वेंडलांड, म्हणजे टाटे, १९८० साली पश्चिमेला गेले.

नंतरचा काळ : चित्रपट पुरा झाला तो थोड्याशा मोकळिकीच्या काळात. डिसेंबर १९६५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या अकराव्या बैठकीनंतर डेफाचे जवळजवळ वर्षभराचे काम बंदीखाली गेले. वर्षभर उशीर झाला असता तर याचीही तीच गत झाली असती, असे मानायला जागा आहे. त्या बैठकीत क्रिस्टा वोल्फ यांनी लेखकांच्या बाजूने बोलण्याचे धैर्य दाखवले. १९५९ ते १९६२ या काळात, म्हणजे कादंबरीची सामग्री जमवत असतानाच, त्या गुप्त पोलिसांना माहिती देत होत्या, हे १९९३ साली उघड झाले आणि त्यावर मोठा वाद झाला.

भिंत पडल्यानंतर मार्गारेटे फोन ट्रोटा यांनी ‘डास फेरश्प्रेशेन’ (१९९५) या चित्रपटात असाच विषय हाताळला. तिथे प्रियकर १९६१ साली गटारातून पळताना मागे राहतो आणि भिंतच खलनायक ठरते. त्यामुळे त्यातले दुःख लगेच कळते, रीटाचे मात्र समजून घ्यावे लागते. १९९५ मध्येच जर्मन चित्रपट-संग्रहालयांच्या संघाने केलेल्या मतदानात शंभर महत्त्वाच्या जर्मन चित्रपटांमध्ये ‘डेर गेटाइल्टे हिमेल’ची निवड झाली.