सीओपीडी आणि घटते वजन: पार्श्वभूमी

सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा रुग्ण हडकुळा असायचाच, असे वैद्यकशास्त्र बराच काळ गृहीत धरून होते. शरीर वजन घटवून प्राणवायूची गरज कमी करते, तेव्हा ही कृशता एका अर्थी सोयीचीच आहे, असाही विचार मांडला गेला. घटते वजन आणि लवकर येणारा मृत्यू यांचा संबंध 1960च्या दशकातच नजरेस आला होता. पण आजार बळावल्याचे ते लक्षण, एवढेच म्हणून तो बाजूला पडला. फुप्फुसांची क्षमता सारखी असली तरी कमी वजनाचे रुग्ण आधी दगावतात, हे 1989 मधील विश्लेषणानंतर मात्र नाकारता येईना.

दरम्यान 1980च्या दशकात वाद रंगला तो पिष्टमय आहाराचा. पिष्टमय पदार्थांच्या ज्वलनात जेवढा प्राणवायू खर्च होतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे 70 टक्के. ज्याला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणेच जड जाते, त्याला पिष्ट कमी आणि स्निग्धांश जास्त द्यावा, हा निष्कर्ष कागदावर बिनतोड होता. निम्म्याहून अधिक ऊर्जा स्निग्धांशातून देणारी खास पेये त्यावरच बाजारात आली. पुढे 1992 च्या सुमारास कृत्रिम श्वासावरील रुग्णांत असे आढळले की, कार्बन डायऑक्साइड वाढतो तो मुख्यतः गरजेपेक्षा जास्त उष्मांक दिल्याने, पिष्टाच्या प्रमाणाने नव्हे. शिवाय स्निग्ध जेवण पोटात रेंगाळते, आणि भरलेले पोट श्वासपटलाला वर रेटते. तरीही ‘भात-पोळी कमी करा’ हा सल्ला अजून पुरता गेलेला नाही. जिथे बहुतेक ऊर्जा धान्यातूनच मिळते, तिथे त्याचा अर्थ सरळसरळ कमी जेवा, असाच होतो; आणि घास गिळताना क्षणभर रोखावा लागणारा श्वासही ज्याला परवडत नाही, असा रुग्ण तसाही अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारतो.

पूरक आहाराने फारसा फरक पडत नाही, असे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या, 2000 नंतरच्या पहिल्या आढाव्यांचे म्हणणे होते. 2012 च्या सुधारित आढाव्याने, निदान कुपोषित रुग्णांपुरते, ते बदलले. त्याआधी 2004 मध्ये आलेल्या, सीओपीडीच्या रुग्णाचा मृत्यूचा धोका मोजणाऱ्या गुणांकनात शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) 21 किंवा त्याखाली असणे जोखमीचे धरले गेले. आपल्याकडे अल्पवजनाची नेहमीची सीमा 18.5 असल्याने 20 निर्देशांकाचा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात ‘ठीक’ ठरतो, ही विसंगती अद्याप कायम आहे.

पोषणाचा हाच प्रश्न फुप्फुसांच्या दुसऱ्या एका आजारातही दिसतो. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून 2018 पासून दरमहा 500 रुपये आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये मिळतात, पण केवळ उपचार चालू असेपर्यंत. क्षय बरा झाल्यावर कायमची दुखावलेली फुप्फुसे घेऊन जगणारे अनेकजण त्यानंतर या हिशेबाबाहेर राहतात.